ॲमस्टरडॅमच्या योर्डानमध्ये काय खावं, कुठे खावं? (आई शाकाहारी, बाबा पक्के मासेखाऊ)

चिंचगूळ
नमस्कार मंडळी,
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ॲमस्टरडॅमला चाललोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. राहायची जागा योर्डानमध्ये, वेस्टरकेर्क चर्चच्या जवळ. म्युझियमची तिकिटं झाली, बोटीचं ठरलं, घोडं अडलंय ते खाण्यापाशी.
आई शाकाहारी. अंडं नाही, पण केकमधलं चालवून घेते, डोळ्यांना दिसलं नाही म्हणजे झालं. बाबा रत्नागिरीचे, त्यामुळे मासा कुठलाही, कसाही. लेक बटाट्यावर जगते. बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा शक्यतो चालत जाण्याजोगं हवं आणि जिने नकोत.
नेटवर पाहिलं तर जो तो त्याच एका ॲपल पायच्या रांगेत उभा. तिथे राहणाऱ्यांनी किंवा राहून आलेल्यांनी खरं काय ते सांगा.

दोनकप
वाचनखूण साठवली. आम्हीही ऑगस्टमध्ये जाणार आहोत.

कालवाकाठ
बरीच वर्षं या शहरात आहे, त्यातली काही योर्डानला खेटून काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे 'अस्सल डच जेवण' शोधत फिरू नका, जूनमध्ये तर नकोच. इथलं घरचं जेवण म्हणजे स्टाम्पपॉट: बटाटा आणि गाजर किंवा केल नावाच्या पालेभाजीची पानं एकत्र कुस्करायची, वर सॉसेज. नाहीतर वाटाण्याचं घट्ट सूप, ज्यात डुकराचं मांस बहुतेक असतंच. दोन्ही थंडीतले पदार्थ. रोझनग्राख्तच्या टोकाला 'मूडर्स' नावाचं हॉटेल आहे, तिथे ते बारा महिने मिळतं. भिंतीभर लोकांच्या आयांचे फोटो, आणि ताटवाट्या एकासारख्या दुसऱ्या नाहीत, कारण ते सुरू झालं तेव्हा पाहुण्यांनी आपापल्या घरून आणून दिल्या होत्या. मुलीला आवडेल. उन्हाळ्यात पोटावर जड जातं एवढं लक्षात ठेवून जा.

जूनमध्ये खायचं ते वेगळंच. पांढरा ॲस्पॅरॅगस, स्ट्रॉबेरी आणि नवी हेरिंग. ॲस्पॅरॅगसचा हंगाम रिवाजाने २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी संपतो, म्हणजे तुम्ही शेवटच्या घासाला पोचताय. तो उकडून वर वितळलेलं लोणी, अंडं आणि हॅम घालून देतात. काकूंसाठी अंडं आणि हॅम नको म्हणून ऑर्डर देतानाच सांगा. उरतं ते लोणी आणि नवे बटाटे, पण त्यातही मजा आहे.

योर्डानमध्ये मी घड्याळ बघून खातो. शनिवार सकाळ असेल तर दहाच्या आत नोर्डरमार्क्ट गाठायचं. नोर्डरकेर्क हे १६२३ साली पुरं झालेलं चर्च, त्याच्या भोवती दर शनिवारी सेंद्रिय शेतमालाचा बाजार भरतो. पाव, मशरूम, चीज, फळं. तिथून दोन पावलांवर लिंडनग्राख्तचा शनिवारचा बाजार, तो अधिक साधा आणि स्वस्त. मासे, गरम स्ट्रोपवाफल (मधे पाक भरलेलं पातळ बिस्किट), ऑलिव्ह, सगळं तिथे. दोन्हीकडून थोडं थोडं घ्यायचं आणि ब्राउवर्सग्राख्तच्या काठावर बाकडं धरून बसायचं. या भागातलं सगळ्यात छान जेवण हेच असं माझं मत आहे आणि त्याला बुकिंग लागत नाही.

दुपारी इथे कुणी 'जेवत' नाही, पाव खातात. टोस्टी मागा, म्हणजे चीज घालून भाजलेलं सँडविच. काकू आणि लेक दोघींचा प्रश्न सुटला.

चार-पाचच्या सुमारास जुन्या तपकिरी काफेत जायचं. धूम्रपानबंदी २००८ साली आली, त्याआधीच्या कित्येक पिढ्यांच्या तंबाखूच्या धुराने लाकूड आणि भिंती काळवंडल्यात, म्हणून त्यांना तपकिरी म्हणतात. काफे क्रिस १६२४ सालचं. वेस्टरकेर्कचा मनोरा बांधणाऱ्या मजुरांची मजुरी तिथे वाटली जायची असं सांगतात. एगलांतीर्सग्राख्तवरचं 'त स्माले' ही अठराव्या शतकातली पीटर होप्पे यांची येनेव्हर (जिनसारखी डच दारू) गाळण्याची जागा. तिथे पाण्यालगत छोटासा ओटा आहे, ऊन असलं की एक खुर्ची मिळायची मारामार. पावसाची सर येऊन गेली की लगेच जावं.

सोबत बिटरबॉलन मागवतात. बाहेरून कुरकुरीत, आत खदखदता घट्ट रस्सा, मोहरीच्या चटणीत बुडवून खायचे. तो रस्सा बीफचा असतो! शाकाहाऱ्यांनी कास-सुफ्ले (आत चीज भरून तळलेली घडी) किंवा चीजच्या तळलेल्या कांड्या मागाव्यात. आणि पहिला घास फुंकर मारून घ्या, जीभ भाजते.

रात्रीचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, आता ट्रॅम आली.

मासेखाऊ_दर्यावर्दी
काकांसाठी माझ्याकडून: हार्लेमरस्ट्राटकडून 'सिंगल' नावाच्या कालव्याच्या पुलावर या, 'स्टुबेज हारिंग' नावाची टपरी लागेल. नवी हेरिंग जूनच्या मध्याला येते, तेव्हा तुम्ही जाल त्या आठवड्यात ती नव्या नवरीसारखी ताजी असेल. कच्चीच असते, हलकी खारवलेली. ॲमस्टरडॅमकर तुकडे करून, बारीक कांदा आणि काकडीच्या लोणच्याबरोबर खातात. शेपटी धरून, मान मागे टाकून अख्खी गिळायची ती रीत बाकीच्या देशाची. इथे तसं केलंत तरी कुणी हाकलणार नाही, फोटो मात्र काढतील.
हेरिंग ही आपल्या तारलीच्याच कुळातली. रत्नागिरीच्या माणसाला ओळख करून द्यावी लागणार नाही.
सीगलपासून जपा, हातातला तुकडा पळवतात.

चिंचगूळ
कालवाकाठ, किती मनापासून लिहिलंत! रात्रीच्या प्रतिसादाची वाट बघतेय.
दर्यावर्दी, कच्चा मासा? बाबा खातील हो, पण सत्तरीच्या माणसाला प्रवासात कच्चा मासा द्यावा का? पोट बिघडलं तर काय करू?

मासेखाऊ_दर्यावर्दी
रास्त शंका. हेरिंगच्या पोटात एक बारीक जंत असतो, त्याने पूर्वी लोक आजारी पडत. १९६८ पासून नेदरलँड्समध्ये ती विकण्याआधी गोठवणं सक्तीचं आहे, उणे २० अंशांवर किमान २४ तास. त्यात तो जंत मरतो. शिवाय मासा साफ करताना स्वादुपिंड आतच ठेवतात, त्यातल्या पाचकरसाने मांस मऊ पडतं, त्यामुळे तो सुशीसारखा 'कच्चा' लागतच नाही. गिऱ्हाइकांची वर्दळ असलेली टपरी निवडा, आणि तुमच्यासमोर साफ करून देत असतील तर उत्तम.
तरी धाकधूक वाटली तर किबेलिंग घ्या. पांढऱ्या माशाचे तुकडे पिठात घोळवून तळलेले. लेकही खाईल.

गवती_चहा
शाकाहाऱ्यांच्या वतीने चार गोष्टी, कारण वरचं सगळं वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

चीज म्हणजे शाकाहारी असं इथे धरून चालू नका. पारंपरिक खाउडा चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. काकू तितक्या कडक असतील तर वेष्टनावर 'वेगेटारिस स्ट्रेमसल' (शाकाहारी रेनेट) लिहिलंय का ते पाहा किंवा दुकानात विचारा, तसंही चीज मिळतं.

बटाट्याचे फ्राइज काही ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात. तेल विचारून घ्यावं.

इंडोनेशियन हॉटेलात भाज्यांच्या पदार्थांतही ट्रासी असू शकते, म्हणजे सुकटाची आंबवलेली पेस्ट. साम्बाल या तिखट चटणीत तर सर्रास. 'शाकाहारी' म्हटल्यावर मांस काढतील, ट्रासी राहून जाईल. 'ट्रासी नको' असं नाव घेऊन सांगा. आणि टेबलावर आधीच आणून ठेवलेला क्रुपुक हा कोळंबीचा पापड असतो, काकूंच्या हाताशी ठेवू नका.

'कॉफीशॉप' अशी पाटी दिसली तर कॉफीसाठी आत शिरू नका, तिथे गांजा विकतात. कॉफी हवी तर 'काफे' किंवा 'कोफीहाउस'. माझ्या सासूबाई थेट आत जाऊन दोन कप मागून आल्या होत्या. मिळाली पण!

दोनकप
@गवती_चहा, खिक्क! सासूबाई भारी.

खडूस_काका
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? आम्स्टलवेनला भारतीयांची मोठी वस्ती आहे, डोसा-इडलीपासून पनीरपर्यंत सगळं मिळतं. ट्रॅमने जा, पोटभर खा, परत या. परदेशात म्हातारी माणसं उपाशी ठेवून 'स्थानिक अनुभव' घ्यायची ही आजकालची फॅशन आहे.

कालवाकाठ
काका, एखाद्या संध्याकाळी जरूर जावं, माझी ना नाही. पण योर्डानमध्ये खोली घेऊन रोज आम्स्टलवेनला जेवायला जायचं तर राहायलाच तिथे का नाही जायचं? खोली तरी स्वस्त पडली असती.

आता रात्रीचं. योर्डानच्या आडव्या गल्ल्या आहेत, ट्वेडे ट्वाइनड्वार्सस्ट्राट आणि तिच्या आजूबाजूच्या. नावं वाचू नका, नुसतं पावलांच्या भरवशावर फिरा. तिथे इटालियन हॉटेलांची दाटी आहे. 'ला पेर्ला'चा लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा छान असतो, काकू आणि लेक दोघींनाही चालेल. लिंडनग्राख्तवरचं 'तोस्कानीनी' जुनं आणि नावाजलेलं, पण महाग. जागा बरीच आधी धरावी लागते.

ट्वेडे लेलीड्वार्सस्ट्राटवर 'मान्तू' नावाचं छोटं अफगाण हॉटेल आहे. मेनूकार्डाची भानगड नाही, त्या दिवशी जे शिजलं ते क्रमाने येतं. शाकाहारी आहोत हे बुकिंग करतानाच सांगायचं. भात, वांगं, दही, डाळिंब, धने… परदेशात भुकेल्या मराठी माणसाला याहून जास्त काय हवं?

आणि एक संध्याकाळ राइस्टाफलसाठी राखून ठेवा. मधोमध भात आणि भोवती पंधरा-वीस लहान बशा. इंडोनेशियात मळेवाल्या डच साहेबांनी स्वतःसाठी हा थाट सुरू केला, आणि तो देश स्वतंत्र झाल्यावर तिथून आलेल्या कुटुंबांनी इथे हॉटेलं काढली. साहेबी थाटाचा इतिहास काही अभिमानाचा नाही, पण गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या), टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), नारळाच्या दुधातल्या भाज्या यांवर शाकाहारी माणूस मजेत जेवतो. गवती_चहांनी लिहिलेली ट्रासीची सूचना लिहून खिशात ठेवा. स्पाउस्ट्राटवरचं 'कांचिल एन द टायगर' प्रशस्त आहे, म्हाताऱ्यांना आणि मुलांना बरं. उत्रेख्तसेस्ट्राटवरचं 'टेम्पो डुलू' झणझणीत, पण दाटीवाटीचं.

एक धोक्याची सूचना: जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो. उजेड बघून आपल्याला वाटतं अजून वेळ आहे, आणि स्वयंपाकघर साडेनऊच्या सुमारास बंद. आठच्या आत टेबलावर बसलेले बरे.

मावळतीची_ट्रॅम
राइस्टाफलपेक्षाही मी सुरिनामी रोटी सांगेन. १८७३ साली 'लल्ला रूख' जहाज कलकत्त्याहून बिहार-उत्तर प्रदेशातले मजूर घेऊन सुरिनामला पोचलं. १९७५ला सुरिनाम स्वतंत्र झाला तेव्हा त्यांची नातवंडं-पतवंडं मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आली. त्यांची रोटी म्हणजे आत वाटलेल्या डाळीचं सारण असलेली मऊ पोळी, सोबत मसालेदार बटाटा, लांब चवळीच्या शेंगांची भाजी आणि बहुधा कोंबडी. शाकाहारीही मिळते, पण त्यावर उकडलेलं अंडं ठेवायची पद्धत आहे, काकूंच्या ताटातून ते काढायला सांगा. बारा म्हणून उडदाचा तळलेला वडा असतो, मधे चिरून चटणी भरलेला. मादाम जानेट मिरचीचं लोणचं वेगळं देतात. ते प्रकरण तिखट आहे, कोल्हापूरकरांनीसुद्धा बेताने घ्यावं.
योर्डानमध्ये नाही, पूर्वेकडे 'रूपराम'ला जावं लागेल. किंवा 'द पाइप' या भागात आल्बर्ट काउपचा बाजार बघाल तेव्हा तिथूनच जवळ 'वारुंग स्पांग माकांद्रा'. ते जावा-सुरिनामी पद्धतीचं. रविवारी बाजार बंद असतो.

खडूस_काका
रोटीबद्दल माहीत नव्हतं. ही माहिती उपयोगी आहे. (पाहा, मीही चांगलं म्हणतो कधी कधी.)

बोरूबहाद्दर
अवांतर आहे, पण योर्डान आणि अन्न म्हटल्यावर राहवत नाही.
आज जिथे पंधरा युरोची वाइन पिता ती गरिबांची वस्ती होती. १६१२-१३च्या सुमारास शहर वाढवलं तेव्हा श्रीमंतांसाठी हेरनग्राख्त, काइझर्सग्राख्त, प्रिन्सनग्राख्त आखून काढले, आणि त्यांच्या पश्चिमेला कारागीर, मजूर, चामडं कमावणारे. तिथे शेताचे जुने पाट आणि वाटा होत्या तशाच ठेवून घरं उठवली, म्हणून नकाशात योर्डानच्या गल्ल्या मुख्य कालव्यांना तिरक्या दिसतात. पुढे बरेच कालवे बुजवले. रोझनग्राख्त १८८९ला, लिंडनग्राख्त १८९५ला. तिथला बाजार बुजलेल्या कालव्यावर भरतो.
त्याच लिंडनग्राख्तवर १८८६ साली जिवंत वाम मासा पाण्यावर दोरीला टांगून नावेतून ओढायचा खेळ चालला होता. बंदी होती, पोलीस आले, दोरी कापली, दंगल पेटली आणि सैन्याच्या गोळीबारात २६ माणसं गेली. इतिहासात ती 'वामीची दंगल' म्हणून नोंदली आहे.
आणि १९१७ साली, पहिल्या महायुद्धातल्या टंचाईत, योर्डानच्या बायकांनी प्रिन्सनग्राख्तवर बटाट्याने भरलेली नाव लुटली. तिथेही शेवटी गोळ्या चालल्या. चिंचगूळताई, लेकीला फ्राइज खाताना हे सांगा.

उत्रेख्तकर
ॲमस्टरडॅमवाले चिडतील, पण कालव्याकाठी जेवायचंच असेल तर अर्ध्या तासाच्या आगगाडीने उत्रेख्तला या. इथला आउडग्राख्त दोन मजली आहे: वर रस्ता, खाली पाण्यालगत धक्का, आणि धक्क्याला लागून मध्ययुगीन तळघरं, जिथे नावांतून आलेला माल उतरवत. आता त्या तळघरांत हॉटेलं आहेत. टेबल पाण्यापासून हातभर अंतरावर. 'आउडे मुंटकेल्डर'मध्ये पॅनकेक मिळतात, चीजचे, सफरचंदाचे. खाली उतरायला दगडी पायऱ्या आहेत, काकांच्या गुडघ्यांचा विचार करा.

कालवाकाठ
चिडलो नाही. खरं आहे ते, पाण्याशी इतकी जवळीक आमच्याकडे नाही.
पॅनकेकवरून आठवलं: प्रिन्सनग्राख्तवर जुन्या गोदामात 'पॅनकेक बेकरी' आहे, ॲन फ्रँकच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. पिठात अंडं असतं हे काकूंना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

झोपाळू_मांजर
सावध करते: मुख्य चौकांजवळ, जिथे दारात उभं राहून बोलावतात आणि मेनूवर पदार्थांचे फोटो असतात, तिथे बसू नका. आम्हाला एका ठिकाणी (नाव नको) गोठलेला पिझ्झा गरम करून दिला, आणि साध्या पाण्याची म्हणून आणलेली बाटली बिलात वाइनशेजारी जाऊन बसली होती. नळाचं पाणी हवं असेल तर 'क्रानवाटर' म्हणून मागा. इथलं उत्तम असतं, पण फुकट द्यायचं बंधन हॉटेलवर नाही, काही जण नाही म्हणतात.

चिंचगूळ
बाप रे, धागा कुठल्या कुठे गेला! सगळ्यांचे आभार, दंगलींसकट. बाबांना वामीची दंगल वाचून दाखवली, त्यांचं म्हणणं की 'मासा फुकट गेला'.
शेवटचे प्रश्न: १. ती ॲपल पायची रांग लावावी का? २. आम्ही सोमवारी पोचतोय, सोमवारी काय? ३. घरी न्यायला चीज कुठलं?

कालवाकाठ
१. रांग 'विंकल ४३'ची, नोर्डरमार्क्टच्या कोपऱ्यावर. पाय चांगलाच आहे, जाड, दालचिनीचा, बाजूला सायीचा ढीग. पण शनिवारी दुपारी ती रांग लावणं म्हणजे वेळ वाया. आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा, नाहीतर तीन-चार मिनिटं चालून ब्राउवर्सग्राख्तच्या कोपऱ्यावर 'पापेनआयलंड'ला. घर १६४२चं, आत निळ्या डेल्फ्ट फरश्या. पाय तितकाच चांगला. २०११ साली बिल क्लिंटन तिथे खाऊन गेले, तेव्हापासून तिथेही गर्दी वाढली, पण बसायला मिळतं.
२. सोमवारी बरीच लहान हॉटेलं बंद. नोर्डरमार्क्टवर सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार असतो, तो बघा. रात्री पिझ्झा.

गवती_चहा
३ चं मी सांगते. 'नऊ गल्ल्या' म्हणतात त्या भागातल्या रुन्स्ट्राटवर 'कासकामर' आहे, चाखून घ्या. कोवळं म्हणजे चार आठवड्यांचं, जुनं म्हणजे दहा-बारा महिन्यांचं, त्याहून जुनं दीड वर्षाच्या पुढचं. हे शेवटचं दाताखाली खारट कणांसारखं कुरकुरतं. मराठी घरात जिरं घातलेलं 'कोमाइनकास' संपतं सगळ्यात आधी. व्हॅक्यूम पॅक करून मागा, आणि रेनेटचं तिथेच विचारा.

मासेखाऊ_दर्यावर्दी
आणि काकांना एक येनेव्हर. पेला काठोकाठ भरून देतात, उचलायचा नाही, टेबलावर वाकून पहिला घोट घ्यायचा. गुडघे दुखतात म्हणालात, कंबर ठीक आहे ना?

चिंचगूळ
कंबर ठणठणीत. आई ठीक राहील का ते तेवढं बघावं लागेल.